जागा नाही

थॉर्नसी, सोमवार, ९ जून

रॉझलिन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते राहून गेलं असं समजू नकोस.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. चाळीसहून जास्त वर्षांत तो कळवावा असं तुला वाटलं नाही. म्हणून हे पत्र तुझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवते आहे. तिथल्या कुणी उघडलंच, तर वाचत न बसता तुझ्या टेबलावर नेऊन ठेवावं. हे घरातलं भांडण आहे.

काल रविवारच्या पुरवणीत तुझा लेख आला. शेजारच्या ऑग्डेनबाई घरातल्या सपाता घालूनच पळत आल्या. "अगं जिलियन, बघितलंस का? तुमची रॉझ! अख्खी दोन पानं!" असं म्हणत त्यांनी तो कागद माझ्या नाकासमोर धरला. मी नाश्त्याची भांडी घासत होते. हात पुसले आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. निम्म्यावर येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

म्हणजे तू इथे आली होतीस. मे महिन्यात, सगळं गाव जुन्या काळचे कपडे घालून मिरवतं त्या राणीच्या आठवड्यात, तीन रात्री. क्लॅरेमाँट हॉटेलात उतरलीस. आमच्या घरापासून ते किती लांब आहे हे तुला सांगायला नको, त्यांच्या गच्चीवरून आमची धुराडी दिसतात. धक्क्याच्या टोकापर्यंत चाललीस, बाबा ज्या लिफ्टचा ब्रेक सांभाळायचे त्या लिफ्टने कड्यावर गेलीस, बँड ऐकलास, आइस्क्रीम खाल्लंस. सगळं लिहिलं आहेस. फक्त या गावात तुझी आई राहते एवढंच लिहायचं राहिलं.

आणि काय लिहिलंस! 'कुणीतरी काचेखाली झाकून ठेवावं तसं जपलेलं गाव.' जपलेलं म्हणे. कुणी जपलं गं? आपोआप राहिलं का ते? गावातल्या जमिनीची मालक असलेल्या इस्टेटीच्या ऑफिसने ठरवून दिलेल्या पाच-सहा रंगांतलाच रंग घराला लावायचा, त्यातही फिका की गडद हे त्यांना विचारायचं. खिडक्या लाकडीच हव्यात. त्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून जानेवारीत वारा असा येतो की आई मफलर गुंडाळून जेवायला बसते. पुढचा लोखंडी सज्जा खाऱ्या हवेने वर्षाला गंजतो. तो कोण खरवडतं? मी. एकसष्टाव्या वर्षी, शिडीवर चढून. तू खालून बघायचंस, 'किती सुरेख' म्हणायचंस आणि गाडी पकडायचीस.

पण हे सगळं मी गिळलं असतं. पान उलटलं आणि फोटो पाहिला. बँडस्टँडसमोर घेरदार झगा नि बॉनेट टोपी घातलेली एक बाई पाठमोरी उभी आहे, हातात चहाचा ट्रे. खाली छापलंय: 'जुन्या काळच्या पोशाखातली एक स्थानिक महिला.'

ती मी आहे, रॉझ. तो झगा आईने शिवलेला आहे. स्थानिक महिला!

आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, लांबचं मात्र स्वच्छ दिसतं. तिने लेख वाचून दाखवायला लावला. मी काही वाक्यं गाळायला बघत होते, पण तिने बरोबर पकडलं. "मधलं काय खाल्लंस? नीट वाच," म्हणाली. शेवटी मी विचारलं, "काय वाटलं?" ती समुद्राकडे वळली. मग म्हणाली, "क्लॅरेमाँटमध्ये कशाला उतरली? त्यांच्या गाद्यांना कधी ऊन दाखवत नाहीत ते."



सगळ्यात जास्त तिडीक मला कशाची आली ते सांगते आणि थांबते. तू लिहिलं आहेस: 'एका घराच्या खिडकीत अजूनही हाताने रंगवलेली "जागा नाही" अशी पाटी होती. ती वाचून मी पुढे गेले.' ती पाटी आपली आहे, बाबांनी रंगवलेली. 'नाही'मधला काना वाकडा आहे. त्यावरून हसणारी तूच होतीस. म्हणजे तू फाटकाशी उभी होतीस, काना दिसेल इतक्या जवळ. आणि घंटा वाजवली नाहीस. वर त्याचा एक झकास परिच्छेद केलास.

लाज वाटायला हवी.

जिलियन


गुरुवार, १९ जून

रॉझलिन,

उत्तर नाही. नसेलच. मला राहवत नाही म्हणून पुन्हा लिहिते आहे, तुला काही मिळावं म्हणून नव्हे.

मागच्या पत्रात मुद्दामच एक गोष्ट लिहिली नव्हती. तुला दया येईल आणि त्या दयेपोटी तू धावत येशील, ते मला नको होतं. पण आज डॉक्टर येऊन गेले, तेव्हा लिहिते. आईचं हृदय थकलं आहे. डॉक्टर सभ्य माणूस आहे, आडून आडून बोलत होता. तिनेच त्याला विचारलं, "पुढच्या सीझनला मी असेन का? सरळ सांगा, मला पडद्यांचं कापड सांगायचंय." तो म्हणाला, "मिसेस थ्रेलफॉल, पुढचा सीझन धरून चालू नका."

"बरं," ती म्हणाली, "मग जुनेच धुऊन काढू."

गेली दोन वर्षं आपलं पाहुण्यांचं घर, ग्लेनरॉय, बंद आहे. पाहुणे घेत नाही आम्ही. पण शनिवारच्या शनिवारी आई मला चार नंबरच्या खोलीतल्या चादरी बदलायला लावते. कुणी झोपत नाही त्या पलंगावर. तरी चादरी काढायच्या, धुवायच्या, इस्त्री करून पुन्हा घालायच्या, कोपरे घट्ट दुमडायचे. मी म्हटलं, "आई, कशासाठी?" तर म्हणते, "शनिवार आहे." जन्मभर शनिवारी दहाला जुने पाहुणे गेले आणि दोनला नवे आले, ते डोक्यातून जात नाही तिच्या. मी आपली करते. माझं तरी दुसरं काय आहे?

तू ज्या दिवशी गेलीस तोही शनिवारच होता, ऑगस्टमधला, सगळी घरं तुडुंब भरलेली. सीझनच्या मध्यावर कुणी घर सोडून जातं का? या गावात माणसं मरायचीसुद्धा सप्टेंबरपर्यंत थांबायची.

तुला ताप होता, ते मी विसरलेले नाही. मे सरला की आपण दोघी मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत झोपायचो, आई-बाबा स्वयंपाकघरात. घरातले सगळे पलंग पाहुण्यांचे, पुढचा जिना पाहुण्यांचा, पुढचं दारही पाहुण्यांचं. आपण मागच्या गल्लीतून यायचं, मागच्या जिन्याने चढायचं. त्या आठवड्यात छप्पर गळत होतं आणि तुला धड उभं राहता येत नव्हतं. तू आईला म्हणालीस, "मला दोन दिवस चार नंबरमध्ये झोपू दे." चार नंबर म्हणजे हिवाळ्यातली आपलीच खोली. पण ती लीड्सहून येणाऱ्या एका जोडप्याला दिलेली होती.

"सीझन आहे," आई म्हणाली. हातातली इस्त्री तिने थांबवली नाही.

"या घरात माझ्यासाठीच तेवढी जागा नाही," तू म्हणालीस.

मी जिन्यावर होते, हातात चादरींचा गठ्ठा. पुढे काय झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण घंटा वाजली आणि ते लीड्सचं जोडपं दारात उभं होतं. त्यांच्या बॅगा वर नेऊन मी खाली आले तर तू गेलेली. सगळ्या खाटा, सगळी न्याहारी, सगळ्यांची पलंगाखालची रात्रीची भांडी मी एकटीने केली त्या ऑगस्टात. आणि त्यानंतरच्या प्रत्येक ऑगस्टात. तू लंडनला जाऊन जगभर हिंडलीस, हॉटेलांबद्दल लिहिलंस. गाद्या मऊ आहेत की कडक, हे लिहायचे तुला लोक पैसे देतात. गंमतच आहे.

आई चूक होती. हे मी आता, एकदाच, लिहून देते. मिठाच्या नि मिरीच्या डब्या टेबलावर ठेवल्या म्हणून पाहुण्यांना वेगळे पैसे लावणारी बाई ती. संधी मिळाली असती तर स्वतःची शवपेटीही तिने आठवड्याच्या भाड्याने दिली असती. पण म्हणून चाळीस वर्षं? बाबा गेले तेव्हा फुलांची एक टोपली, वर नुसतं 'आर.' आणि आता दारात येऊन परत जाणं?

तिला तू भेटायला हवी आहेस. ती तोंडाने म्हणणार नाही. मी म्हणते आहे.

जिलियन


बुधवार, २ जुलै

रॉझ,

आज जे कळलं त्याचा मला नुसता राग आला आहे. तुझ्यावरचा किती आणि आईवरचा किती, ते ठरवता येत नाही.

दुपारी मी पुढच्या खोलीत पडद्यांच्या कड्या काढत होते. आई नेहमीच्या जागी, खिडकीशी. मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. ते माझं रोजचंच आहे हल्ली. म्हटलं, "फाटकाशी येऊन परत गेली. घंटा वाजवायला हात झडले होते का?"

आई म्हणाली, "पाटी होती ना."

"पाटीचं काय?"

"जागा नाही अशी पाटी असली की घंटा वाजवायची नाही. मीच शिकवलंय तुम्हाला."

मी वळून बघितलं. मग म्हटलं, "तुला कसं माहीत ती काय करत होती?"

"मी इथेच बसले होते की," ती म्हणाली. "निळा कोट होता. केस पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. फाटकाच्या कडीवर हात ठेवला तिने. पाटी वाचली. मग मागच्या गल्लीकडे बघितलं आणि गेली." आणि पुढे, रॉझ, देवाशपथ, अभिमानाने म्हणाली, "शहाणी पोर. विसरली नाही."

माझ्या हातातल्या कड्या खाली पडल्या. "तू तिला बघितलंस? आणि काचेवर टकटक केली नाहीस? मला हाक मारली नाहीस?"

"तू बाहेर होतीस, झगा घालून चहा वाटत."

"मग मागच्या दाराने यायचं होतं तिने! आपण सगळे तिथूनच यायचो!"

आईने मांडीवरची शाल सारखी केली. "तिला नसतं येता आलं. ती गेली त्या दिवशी मी सांगितलं होतं तिला, आता गेलीस तर माझ्या मागच्या दाराशी परत येऊ नकोस म्हणून."

मग मला सगळं कळलं. पुढच्या दाराला पाटी आणि मागच्या दाराला आईचा शब्द. सत्तावन्न वर्षांची बाई, सगळं जग फिरून आलेली, आणि फाटकावर हात ठेवून उभी राहिली लहान मुलीसारखी, कुठल्या दाराने जायचं ते न कळून. तू जे लिहिलंस ना, 'ती वाचून मी पुढे गेले', ते मी टोमणा समजत होते. आईने ते ऐकताक्षणी ओळखलं आणि महिनाभर मूग गिळून बसली.

मी ओरडले तिच्यावर. आजारी बाईवर ओरडू नये, पण ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "पाटी मी नव्हती लावली. तू लावलीस. रिकाम्या घराला 'जागा नाही' लावतात का कधी? खोटं झालं ते."

हो, मी लावली! 'आम्ही बंद केलंय, आई आजारी आहे,' असं दर दोन तासांनी कुणा अनोळखी माणसाला दारात उभं राहून सांगायचा कंटाळा आला म्हणून लावली. मला काय स्वप्न पडलं होतं तू येणार म्हणून? आणि तू? तुला एवढं सुचू नये? आपण बाहेरची माणसं आहोत का गं पाटी वाचून परत जायला?

तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात. मधल्यामध्ये मी भरडली जाते.

चादरींचंही विचारलं मी. "शनिवारीच येतात लोक," एवढंच म्हणाली.

जिल


सोमवार, १४ जुलै

रॉझ,

पाटी फिरवली आहे. ज्या दिवशी मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी. आता खिडकीत 'जागा आहे' अशी बाजू आहे. आईने मला खुर्चीवर चढवून ती पुसायला लावली, अक्षरं नीट दिसावीत म्हणून.

याचा परिणाम काय झाला असेल ते तूच ओळख. जुलै महिना, समोर समुद्र, आणि खिडकीत 'जागा आहे'! सकाळपासून घंटा वाजते. सायकलवाले, कुत्रेवाले, लग्नाच्या वाढदिवसवाले. एक माणूस तर तुझा लेख हातात घेऊनच आला, "हेच का ते पाटीचं घर?" म्हणाला. त्याला मी काय बोलले ते आईने ऐकलं नाही हे बरं. प्रत्येकाला सांगायचं, पाटी आहे पण जागा नाही. माणसं माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. इस्टेटीच्या ऑफिसातूनही चिठ्ठी आली, धंदा बंद असताना पाटी का म्हणून. त्यांना म्हटलं, घराचा रंग तुमचा, पाटी आमच्या बापाची.

ते सगळं चालेल. मला सोसवत नाही ते वेगळंच आहे. घंटा वाजली की आई खुर्चीत सरळ बसते. स्वेटरचं वरचं बटण लावते, केसांवरून हात फिरवते. मग मी दार उघडते, आणि मला आत येऊन सांगावं लागतं, "हल गावाहून आलेलं जोडपं होतं." ती म्हणते, "बरं." आणि बटण काढते. दिवसातून किती वेळा, ते मी मोजत नाही.

परवा तिला जिन्याच्या पायथ्याशी चक्कर आली. आता काठी घेऊनही दारापर्यंत जाणं तिला मना आहे.

तुझी मला चीड येते रॉझ, खरंच येते. आणि तू हवी आहेस मला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन मी भांडी घासते आहे. यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर एका ओळीत 'नाही' असं लिही. मी ती पाटी उतरवून जाळून टाकीन आणि आईला सांगेन की सीझन संपला.

जिल


ग्लेनरॉय, रविवार, २७ जुलै, सकाळी

रॉझ,

हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवते आहे. दार वाजवलं तर आपण बोलू लागू, आणि माझं बोलणं तुला माहीत आहे. अजून मी शांत झालेले नाही. चाळीस वर्षांचं भांडण एका घंटेने मिटतं असं कुणी समजू नये. तू तर मुळीच नको.

काल दुपारी घंटा वाजली तेव्हा मी याच खोलीत होते, याच पलंगाच्या चादरीचे कोपरे दुमडत. खाली ओरडले, "आले!" कुणी सायकलवाला असेल म्हणून शिव्या देतच निघाले. तर खाली काठीचा आवाज. मना केलेलं असताना आई दारापर्यंत गेली होती. मी जिन्याच्या वळणावर तिथेच थांबले. तुम्हाला दोघींना मी दिसले नाही.

तू पायरीवर उभी होतीस, तोच निळा कोट, हातात बॅग. मला वाटलं आता तू आई म्हणशील, नाहीतर रडशील. तू म्हणालीस, "जागा आहे का?"

आई म्हणाली, "किती रात्री?"

"ठरवलं नाही."

"चहा चारला असतो," आई म्हणाली. "पाय पूस."

आणि तू पाय पुसलेस! मी तिथेच पायरीवर बसले आणि वापरलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले. तुम्हाला दोघींना त्याचं काही नाही. तुम्ही आत जाऊन क्लॅरेमाँटच्या गाद्यांबद्दल बोलत होतात.

एक गोष्ट तू पाहिली नाहीस, म्हणून लिहिते. बॅग घेऊन तू आत वळलीस तेव्हा आईने तुझ्यामागे दार लावलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, खिडकीत हात घातला आणि पाटी फिरवली. 'जागा नाही.' मागे सरून पाटी सरळ बसली का ते पाहिलं, आणि मग तुझ्यामागून आत आली.

न्याहारी साडेआठला. उशीर झाला तर मिळणार नाही, तो नियम तुझ्यासाठी बदलणार नाही. पुढच्या शनिवारी चादरी तू बदलायच्या, सगळ्या. सज्जाही खरवडायचा राहिला आहे, शिडी अंगणात आहे.

आई कधीची उठून बसली आहे. खाली ये, पण पुढच्या जिन्याने ये. सवयीने मागच्या जिन्याने उतरलीस तर माझ्याशी गाठ आहे.

जिल